हुंदक्याचा ठेका

बोरी अरब, ता. दारव्हा
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय फुल्या,

जय सेवालाल, आणि माझ्याकडून कडक जय भीम.

तिकडे त्रिपुरात तुझ्या कॅम्पात नेटवर्क येत नाही, आठवड्यातून एकदा घरी फोन लागतो. त्यात माझा नंबर कुठून लागणार? म्हणून हा कागद. पेन कागदाला टेकला की माझी भाषा पुस्तकी होते, ते समजून घे. आपल्या चॅनलवर बसलो असतो तर "काय बे फुल्या, जेवला का?" एवढ्यात भागलं असतं.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा थंडीत धरतो, बाकी तब्येत चांगली. तुझी याडी चंदाबाई बाजारात भेटली होती. लेकीचं, वैष्णवीचं लग्न एप्रिलात धरलं, शूटिंगची ऑर्डर मलाच आहे असं तिथंच वांग्याच्या ढिगाजवळ उभं राहून सांगून टाकलं. तुझ्या बहिणीच्या लग्नात दुसरा कोणी कॅमेरा धरणार होता थोडाच! रजेचं बघ. तुझी दादी बरी आहे.

आता मुद्द्याचं. तू भरती होऊन गेल्यापासून आपलं "पुढची रांग" चॅनल मी एकटाच चालवतो. तुझी खुर्ची अजून फ्रेममध्ये ठेवतो, लोकांना वाटतं मध्येच कुठून तरी येऊन बसशील. पण लोक तरी किती उरले? आपण दोघं बोरीच्या एसटीनं यवतमाळला जाऊन पुढच्या रांगेचं तिकीट काढायचो, मान अवघडेपर्यंत सिनेमा पाहायचो आणि परतीच्या गाडीतच भांडायला लागायचो. ते भांडण लोकांना आवडायचं. एकट्या माणसाचं भांडण कोण ऐकते?

तरी जानेवारीचा हिशेब ऐक. हिंदीतला एक पाह्यला. नायक अडीच तास देशासाठी मरतो आणि शेवटी मरतच नाही. एसटीचं अर्धं भाडं वसूल. मराठीतला एक पाह्यला. पुण्यातल्या मोठ्या फ्लॅटमध्ये चार मित्र बाल्कनीत बसून आयुष्याबद्दल बोलतात. एकही जण दोन तासांत भाजी आणायला खाली उतरला नाही. त्याला आपला शेवटला नंबर दिला : पायी आलो असतो तरी महागात पडलं असतं. दक्षिणेकडचा एक डब केलेला होता, त्यात कथा नव्हती पण मारामारी अशी की माझ्या शेजारचे काका उभे राहून ओरडत होते. भाडं वसूल, आणि काकांमुळे चहाचंही.

गाण्यांचं तर विचारू नको. आता मशीनच गाणं म्हणते. मेलेल्या गायकाच्या आवाजात नवी लावणी ऐकली परवा. सूर एकदम बरोबर. कुठंच श्वास घेतलेला ऐकू येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा ऐकवलं नाही.

एक गाणं मात्र सांगण्यासारखं आहे. "सासरची गाडी फुल स्पीड." नागपूरच्या एका स्टुडिओनं काढलं, तीन आठवडे झाले. दिग्रस, पुसद, आर्णी, कुठल्याही वरातीत जा, हेच. लग्नातल्या मोटारीवरचं साधं डीजे गाणं आहे, पण मधे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज घेतला आहे. ती रडत रडत काहीतरी म्हणते आणि तिचा हुंदका कापून त्याचाच ठेका केला आहे. हुंदका, ढोल, हुंदका, ढोल. पोरी त्यावर दोन्ही हातांनी डोळे पुसायची स्टेप करतात. मी त्याचा रिव्ह्यू केला. "जायचं-यायचं दोन्ही भाडं वसूल" दिलं. बऱ्याच दिवसांनी चॅनलकडे लोक वळले.

तुला तो आवाज ओळखीचा वाटेल कदाचित. दचकू नको. तीन वर्षांपूर्वी आपण दादीचा ढावलो रेकॉर्ड केला होता, तो भाग आठवतो? नव्या लग्नगीतांत कोणी रडत का नाही, असा विषय होता. नवरी निघताना घरच्यांच्या गळ्यात पडून जे सुरात रडतात त्याला ढावलो म्हणतात, असं मी लोकांना समजावून सांगत होतो आणि तू मधे मधे माझे उच्चार सुधारत होतास. त्यात आपण दादीचं अर्धं मिनिट लावलं होतं. तिथूनच उचललं असेल कोणी. यूट्यूबवरून कोण काय उचलते, आपण कोणाकोणाचा हात धरणार?

असो. थंडी कशी आहे तिकडे? जेवणात भात सोडून काही मिळते का? वैष्णवीसाठी काय आणायचं ते कळव, मी दारव्ह्याहून आणून ठेवीन.

तुझी वाट पाहणारी खुर्ची आणि तिच्या शेजारचा,
संघदीप

•

बोरी अरब
२ मे २०२४

प्रिय फुलचंद,

जय सेवालाल, जय भीम.

तुझं पत्र काल मिळालं. चारच ओळी. निवडणुकीच्या बंदोबस्तात रजा रद्द झाली ते चंदाबाईंकडून कळलंच होतं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी तू कुठल्या तरी शाळेच्या व्हरांड्यात रायफल घेऊन उभा होतास, हे वाचून फार वाईट वाटलं.

तू दोन गोष्टी विचारल्या. "दादी फोनवर का येत नाही, लग्नात काय झालं ते याडी सांगत नाही, तू शूटिंगला होतास तर तू सांग," ही पहिली. दुसरीचं पुढे लिहितो.

लग्न चांगलं झालं, हे आधी लिहितो. वैष्णवी सुंदर दिसत होती. जेवणात कोणाला काही कमी पडलं नाही. तुझे बा रामधनभाऊ दिवसभर एका पायावर उभे होते. पोरगा चांगला आहे, मुकुटबनकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे, दारू पीत नाही.

दुपारी वरात आली तेव्हा डीजेवर तेच गाणं होतं. तीन वेळा वाजलं. दादी मांडवाच्या कडेला खाटेवर बसली होती. तिला त्या गाण्याबद्दल तोवर कोणी सांगितलं नव्हतं, तिच्याकडे मोबाइल थोडाच आहे. मी तिच्या बाजूनं कॅमेरा घेऊन चाललो होतो. तिनं माझी बाही धरली आणि विचारलं,

"बेटा, एवढ्या मोठ्यानं कोण बाई रडून राह्यली?"

मी म्हणालो, "गाणं हाये दादी."

"गाण्यात कायले रडते ते? मेलं का कोणी तिचं?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुढे गेलो.

पाच वाजता विदाई. डीजे बंद केला होता. वैष्णवीला ढावलो येत नाही, तुला माहीतच आहे. तांड्यातल्या तिच्या वयाच्या एकीलाही येत नाही. म्हणून दादीच उठली. तिनं वैष्णवीला गळ्याशी घेतलं, आपला पदर दोघींच्या डोक्यावरून ओढला आणि सुरू केलं. पहिल्या दोन ओळींतच हातातले द्रोण लोकांनी खाली ठेवले. मग ती ओळ आली, तिनं स्वतःच्या लग्नात स्वतः रचलेली : बा, दावणीची गाय विकताना तू तिच्या पाठीवरून हात फिरवतो, मला पाठवताना तू पाठ काहून फिरवली? रामधनभाऊ खरंच पाठ फिरवून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मी झूम केलं. आजवर मी जेवढं शूटिंग केलं त्यातलं ते सगळ्यात चांगलं आहे, फुल्या.

मग दादीला हुंदका आला.

नवरदेवाकडची पोरं मागे उभी होती. त्यातला एक ओरडला, "अबे, हे तं तेच हाये!" दोघं-तिघं हसले. एकानं डोळे पुसायची स्टेप केली. दुसऱ्यांनी केली. वाईट पोरं नव्हती रे. त्यांना वाटलं, कोणीतरी त्यांच्या आवडीचं गाणं म्हणून राह्यलं. डीजेवाल्याला वाटलं, फर्माईश आहे. त्यानं बटण दाबलं, आणि गाणं बरोबर हुंदक्यापासूनच सुरू झालं.

दादीच्या तोंडातून एक हुंदका निघत होता आणि डीजेच्या पेटीतून दुसरा. दोन्ही तिचेच. ती थांबली. पेटीतला थांबला नाही.

तिनं पदरातून डोकं बाहेर काढलं आणि आवाज कुठून येतो ते पाहिलं. पहिल्यांदा डीजेच्या गाडीकडे, मग नाचणाऱ्या पोरांकडे. तेव्हा तिला समजलं. दुपारी रडत होती ती बाई कोण, ते समजलं. मी तिचा चेहरा पाहत होतो, मधे फक्त काच होती.

वैष्णवीला दोष देऊ नको. चारी बाजूंनी मोबाइल धरलेले होते. नवरीनं हसावं असंच आता आहे. ती हसली, आणि एका हातानं तिनंही डोळे पुसायची ती स्टेप केली. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. दादीनं तिच्या मानेवरचा हात काढून घेतला. पदर नीट केला. घरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गाडी निघाली तेव्हा बाहेर आली नाही.

त्या दिवसापासून ती फोनवर येत नाही. घरातही कामापुरतंच बोलते. तुझ्यावर रागावली नाही, एवढं नक्की.

मी डीजेवाल्याकडे धावू शकलो असतो. दहा पावलांवर होता. नाही धावलो. धावलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुले काहून एवढं लागलं?

नवरदेवाकडच्या कोणीतरी मोबाइलवर काढलेला तो तुकडा रील म्हणून फिरतो आहे. "ओरिजनल आजी" असं नाव दिलं आहे. तुझ्यापर्यंत पोचला असेल तर लोकांच्या कमेंट वाचू नको.

तुझा दुसरा प्रश्न राहिला. ते गाणं त्या लोकांना कोणी दिलं, असं तू विचारलं. मी मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, आपल्या जुन्या भागातून उचललं असेल म्हणून. आणखी काय लिहू? कागद संपत आला आणि टपालाची पिशवी दुपारीच जाते.

तब्येतीला जप.
संघदीप

•

बोरी अरब
१९ सप्टेंबर २०२४

फुलचंद,

जय सेवालाल.

मे महिन्यानंतर तुझं पत्र नाही. तुझा फोन लागतो असं कळलं होतं म्हणून जूनमध्ये लावून पाहिला, तू मला ब्लॉक केलंस हे तेव्हा समजलं. म्हणजे तू हिशेब लावला आहेस. तरी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असावं म्हणून लिहितो. वाचलं नाहीस तरी चालेल.

ते गाणं मीच दिलं.

मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात नागपूरहून फोन आला. स्टुडिओवाला होता. मला "सर" म्हणाला. तुमच्या त्या जुन्या भागात एका आजीचा तुकडा आहे, आमच्याकडे चाळीस गायिका येऊन गेल्या पण असा आवाज नाही, तुमचा कान फार चांगला आहे सर. पूर्ण रेकॉर्डिंग असेल तर ऐकवा. मी दोन दिवस विचार केला असं लिहिणार होतो. नाही केला. त्याच संध्याकाळी अकराच्या अकरा मिनिटं पाठवून दिली.

त्यानं काही द्यायचं कबूल केलं नव्हतं आणि मी मागितलंही नाही. तो म्हणाला होता, गाण्याखाली तुमचं नाव देऊ, लोकसंगीत संशोधन म्हणून. त्यावर गेलो मी. दोन माणसांचं चॅनल एकट्यानं चालवून मी थकलो होतो, व्हिडिओ टाकला की दिवसभरात शंभर जणही पाहत नव्हते, आणि या जिल्ह्याच्या बाहेरच्या कोणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं की संघदीप, तुला गाण्यातलं काय कळते. ही कारणं झाली. दादीनं रेकॉर्डिंगला बसायच्या आधी काय सांगितलं होतं, ते मला पूर्ण आठवत होतं. घरातून पोरगी निघत नसताना ढावलो म्हणू नये, तुमच्यासाठी म्हणते, पण अर्ध्या मिनिटाच्या वर कोणाले ऐकवू नका. तू तिच्या पायावर हात ठेवला होतास. मी तुझ्या शेजारी बसून मान हलवली होती.

गाणं निघालं तेव्हा खाली नाव आलं. "संशोधन : संदीप." ते चुकलं आहे म्हणून मी तीन वेळा मेसेज केला. दादीचं नाव कुठंच नव्हतं. त्याबद्दल एकदाही केला नाही.

आणि आणखी एक, जे मला स्वतःशी कबूल करायला जास्त वेळ लागला. तो रिव्ह्यू मी खोटा दिला नव्हता. मला ते गाणं खरंच आवडलं होतं. हुंदक्यावर ढोल पडतो तेव्हा अंगावर काटा आला होता. तो काटा दादीच्या हुंदक्याचा होता की ढोलाचा, हे ओळखण्याइतका माझा कान चांगला नव्हता. तू शेजारच्या खुर्चीत असतास तर पहिल्या दहा सेकंदांत मला थांबवलं असतंस.

जूनमध्ये आपला तो जुना भाग यूट्यूबनं काढून टाकला. नोटीस आली की यातला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. दादीच्या अंगणात, दादीच्या खाटेवर काढलेला आपला व्हिडिओ. मी नागपूरला फोन लावला. आता त्यानं मला सर म्हटलं नाही. म्हणाला, "तुम्हीच तर पाठवलं होतं ना? आता ते आमच्या नावावर चढलं आहे, मशीन आपोआप पकडते, माझ्या हातात काही नाही." दारव्ह्यात एका वकिलाला विचारलं. त्यानं विचारलं, म्हातारीची सही घेतली होती का? मी म्हटलं, तिनं नाही म्हटलं होतं. तो म्हणाला, मग तिच्या बाजूनं केस होईल, पण पहिला आरोपी तू.

जुलैमध्ये दादीचे धाकटे भाऊ गेले, ते तुला घरून कळलंच असेल. पण जे झालं ते चंदाबाईंनी तुला सांगितलं नसेल. मला त्यांनी एसटी स्टँडवर सांगितलं, आणि मीच केलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं म्हणून सांगितलं. भावाच्या मयतीला सगळ्या बाया सुरात रडत होत्या आणि दादीची वाट पाहत होत्या. शंभर मयतींत जिनं रडणं उचलून दिलं, ती सख्ख्या भावाच्या उशाशी कोरडी बसून होती. घरी आल्यावर चंदाबाईंना म्हणाली, "हुंदका येते तं त्याच्यामागून ढोल वाजते. पोरं नाचताना दिसते. मी माह्या भावाले रडू तरी कशी?"

त्यानंतर पोळ्यापर्यंत मी रोज उद्या जाऊ म्हणत राहिलो. पोळा झाल्यावर तांड्यावर गेलो.

दुपार होती. दादी ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. बाकी सगळे वावरात. मी खाली बसलो आणि एकदाच बोलून टाकलं.

"दादी, तुमचं गाणं त्या लोकायले मी देल्लं."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत हाये."

"कोणं सांगितलं?"

"कोण सांगन? तुम्ही मोबाइलात दाखोत होते त्या तुकड्यात मी रडली नव्हती. रडली मी अखेरीले. अखेरीचं तुयाजवळच होतं."

फुलचंद, लग्नाच्या दिवशी तिला एकाच क्षणात दोन गोष्टी समजल्या होत्या. आवाज कोणाचा, आणि दिला कोणी. मी कॅमेऱ्यामागे लपून तिचा चेहरा पाहत होतो, आणि तिला मी दिसत होतो.

मी विचारलं, "मंग फुलचंदले काहून नाही सांगितलं?"

"तो एवढ्या दूर हाये. तिकडं त्याचं म्हणावं असं कोण हाये? इकडं एक दोस्त होता. तो मी कायले तोडू?"

ती फोनवर येत नव्हती ते यासाठी. तू विचारशील आणि तिला खोटं बोलता येणार नाही, म्हणून. ती तुझ्यासाठी मला वाचवत होती. हे तुला कळायला पाहिजे म्हणून हे पत्र आहे.

मी रडायला लागलो. तिनं रडू दिलं, थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "ते तुयाजवळ अजून हाये का?"

मी खिशातून मेमरी कार्ड काढलं. "पूर्ण हाये दादी. अकरा मिनिटं."

"पुसून टाक."

"दादी, हे दुसरीकडं कुठंच नाही. त्यांनी तं तुकडे करून टाकले. वैष्णवीले येत नाही, कोणालेच येत नाही. तुम्ही गेल्यावर हे एवढंच राहीन."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी गेल्यावर ते कोणाच्या हातात राहीन? तुयाच ना?"

मी कार्ड मोबाइलमध्ये घातलं आणि तिच्यासमोर पुसलं. तिला स्क्रीनवरचं वाचता येत नाही. "झालं?" असं तिनं विचारलं. मी झालं म्हटलं. ती म्हणाली, "तू म्हणतो तं झालं असन."

मी उठलो तेव्हा तिनं ओंजळभर शेंगा माझ्या रुमालात बांधून दिल्या. माफ केलं असं समजू नको, मीही समजलो नाही. दारी आलेल्या कोणालाही ती रिकाम्या हातानं पाठवत नाही, तेवढंच ते होतं.

घरी कॉम्प्युटरमध्ये आणखी एक कॉपी होती. ते तिला सांगितलं नव्हतं. दोन दिवस ती तशीच ठेवली. तुझ्यासाठी ठेवू, असं मनात आलं. तू तिचा नातू, तुझा हक्क आहे. मग लक्षात आलं की नोव्हेंबरातही मी असंच काहीतरी चांगलं कारण शोधलं होतं. दार लावून एकदा पूर्ण ऐकलं. सातव्या मिनिटाला ती मधेच थांबून तुला म्हणते, "फुलचंद, पाणी दे," आणि तांब्याचा आवाज येतो. नंतरची चार मिनिटं कशी आहेत ते मी लिहू शकत नाही. आठ वर्षं मी गाण्यांवर बोलत आलो आणि त्यासाठी माझ्याकडे एक शब्द नाही. ऐकून संपल्यावर तीही कॉपी पुसली. तुला विचारायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. या वेळीही तुझ्या वतीनं मीच ठरवून मोकळा झालो.

लग्नाच्या शूटिंगमधला आणि त्या रीलमधला तुटलेला ढावलो सोडला तर आता जगात दादीचा आवाज म्हणजे त्या गाण्यातला साडेचार सेकंदांचा हुंदका. काल पाहिलं, दोन कोटी लोकांनी ऐकला आहे. परवा बाजारात एका रसवंतीवर लागला होता. उसाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांच्या तालात तो बरोबर बसत होता.

चंदाबाईंना आणि रामधनभाऊंना मी अजून सांगितलं नाही. तू सांगितलंस तर तुझा हक्क आहे. नाही सांगितलंस तर मी तांड्याच्या रस्त्यानं जाताना ते मला हाक मारतील, चहाला बोलावतील, आणि मला जावं लागेल. दोन्हीतलं काय सोपं, ते मला कळत नाही.

दिवाळीत तुला रजा मिळाली तर मी त्या दिवसांत बोरीत राहणार नाही. राळेगावला आत्याकडे जाईन. रस्त्यात समोर येऊन तुला तोंड फिरवायला लावणार नाही.

तुझी आजी आणि तू, दोघांनी ज्याच्या मान हलवण्यावर विश्वास ठेवला होता,
तो संघदीप बाबाराव मुनेश्वर